विश्लेषण : मोबाइलवरून मतदान सोयीचे, पण सुरक्षित किती?

बिहारने २०२५ मध्ये पालिका निवडणुकीत मोबाइल मतदानाचा प्रयोग केला. वीस वर्षांपूर्वी एस्टोनियाने हीच वाट धरली, तर ऑस्ट्रेलियातील एका राज्याला ती सोडावी लागली. स्थानिक निवडणुकीत घरबसल्या मतदान कितपत शक्य आहे?

बिहारमध्ये काय झाले?

२८ जून २०२५ रोजी पाटणा, रोहतास आणि पूर्व चंपारण जिल्ह्यांतील सहा नगरपंचायतींच्या निवडणुकीत मोबाइल ॲपवरून मतदानाची मुभा देण्यात आली. ही सोय ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, गर्भवती आणि परगावी कामाला गेलेल्या मतदारांसाठी होती. चेहऱ्यावरून ओळख पटवणे, ब्लॉकचेन आणि एका मोबाइल क्रमांकावर दोनच मतदारांची नोंदणी असे उपाय योजले होते. नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणांनी मतदान केले. केंद्रांवरील मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास राहिले. मात्र ही तुलना जपून करायला हवी. आधीच नोंदणी करणारा मतदार मुळातच उत्सुक असतो.

भारतात हा पहिला प्रयत्न नव्हता. गुजरातने २०१०-११ मध्येच महापालिका निवडणुकीत ऑनलाइन मतदान आणले होते. पण प्रतिसाद नगण्य राहिला.

गरज नेमकी कोणाला?

मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गाळप संपल्यावर परततात. महाराष्ट्रात नगरपालिका, महापालिका व जिल्हा परिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या काळात, म्हणजे ऐन हंगामात झाल्या. मतासाठी गावी यायचे तर मजुरी बुडते आणि प्रवासखर्चही होतो. अशांसाठी ऑनलाइन मतदान ही चैन नाही.

बँकेचे व्यवहार चालतात, मग मत का नाही?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. यूपीआयवरून पैसे चुकीच्या खात्यात गेले, तर संदेश येतो, खातेउतारा दिसतो, तक्रार करता येते. बँकेला ग्राहक आणि व्यवहार दोन्ही माहीत असतात. मतदान गुप्त असते. मत कोणाला गेले, हे आयोगालाही कळता कामा नये. त्यामुळे मत वाटेत बदलले, तरी ते शोधायला ‘खातेउतारा’ नसतो. मतदार कोण हे पक्के ठाऊक हवे आणि त्याचे मत मात्र अज्ञात राहावे, या दोन अटी एकत्र पाळणे हीच खरी कसोटी आहे. ब्लॉकचेन नोंद झालेले मत जपते. पण मतदाराच्या फोनमध्येच घातक सॉफ्टवेअर असेल, तर चुकीचे मतही तितकेच नीट जपले जाते.

एस्टोनियाने तोडगा कसा काढला?

या देशाने २००५ च्या स्थानिक निवडणुकीत देशभर ऑनलाइन मतदान सुरू केले. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते ऑनलाइन पडली. तिथे प्रत्येकाकडे डिजिटल सहीचे ओळखपत्र असते. मतमोजणीपूर्वी मतावरील ओळख काढून टाकली जाते. बंद पाकिटावरचे नाव-पत्त्याचे पाकीट फाडून टाकावे तसे. आपले मत बरोबर पोहोचले का, हे २०१३ पासून दुसऱ्या फोनवरून तपासता येते. कोणी दबाव आणला तर मत पुन्हा देता येते आणि शेवटचे मत धरले जाते.

तरीही अडचणी आल्या. परदेशी संशोधकांनी २०१४ मध्ये या यंत्रणेतील त्रुटी दाखवून ती बंद करण्याची शिफारस केली. २०१७ च्या स्थानिक निवडणुकीच्या तोंडावर सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष आढळला.

अपयश नेहमी हॅकरमुळेच येते का?

नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन डीसीने आपली यंत्रणा लोकांना तपासायला दिली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या चमूने ४८ तासांत आत शिरून मते बदलली आणि तो प्रयोग रद्द झाला. पण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर २०२१ च्या स्थानिक निवडणुकीत कोणी घुसखोरी केली नव्हती. ताण वाढून यंत्रणा अडखळली आणि काही मतदारांना मत देता आले नाही. न्यायालयाने केम्पसी, सिंगलटन आणि शेलहार्बरमधील एका प्रभागाचा निकाल रद्द ठरवला. तिथे फेरमतदान घ्यावे लागले. पुढे ही यंत्रणाच गुंडाळण्यात आली.

स्थानिक निवडणुकीत धोका जास्त का?

कारण इथे फरक थोड्या मतांचा असतो. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना समान मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लागला. अशा ठिकाणी दहा-वीस मतांचा गोंधळही पुरेसा ठरतो.

दुसरे कारण दबावाचे. केंद्रावरील पुठ्ठ्याचा आडोसा साधा असतो. पण त्यामागे मतदार एकटा असतो. घरात मोबाइल हातात घेतलेल्या मतदाराशेजारी कोण बसले आहे, हे कोणतेही ॲप सांगू शकत नाही. मुकादमाने उचल दिलेल्या मजुराचा किंवा घरातल्या सुनेचा फोन कोणाच्या हातात असेल? मत विकत घेणाऱ्यालाही पडद्यावर खात्री करून घेता येते.

महाराष्ट्रासाठी यातून काय बोध?

स्थानिक निवडणुका घेण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाचा आहे. मात्र मतदार यादीतील दुबार नावांवरून आणि व्हीव्हीपॅट नसण्यावरून नुकतेच वाद झाले. पाया असा डळमळीत असताना ॲपवर विश्वास बसणे अवघड. मधला मार्ग आहे. लोकसभा व विधानसभेसाठी ८५ वर्षांवरील आणि दिव्यांग मतदारांच्या घरी कर्मचारी जाऊन गुप्त मतदान घेतात. तोच प्रकार स्थानिक निवडणुकीत आणता येईल. साखर कारखान्यांच्या परिसरात मजुरांसाठी देखरेखीखालील केंद्रेही विचारात घेता येतील.

ऑनलाइन मतदान आणायचेच, तर पुन्हा मत देण्याची सोय, स्वतंत्र तपासणी आणि खुली चाचणी या अटी आधी हव्यात. निवडणूक जिंकणारा यंत्रणेवर सहसा शंका घेत नाही. हरणाऱ्यालाही निकाल पटवून देता येईल, इतका पुरावा तिने मागे ठेवायला हवा.