ओसरीवरच्या गोष्टी : अडलेली मोटरसायकल

आमच्या बेव्हर्ली पार्कांत ओसरी नाहीं; सातव्या मजल्यावरील बिऱ्हाडास ओसरी कोठून असावयाची? परंतु इमारतीखालीं वाहनें उभीं करण्याची जी झांकलेली जागा आहे, तिनेंच आतां ओसरीचें काम पत्करलें आहे. सकाळीं घटकाभर तेथें उभें राहिलें, म्हणजे कोणाकडे पाहुणा आला, कोणाचा मुलगा कामास लागला, हें न विचारतां कळतें. गेल्या आषाढांत या ओसरीवर आमच्याच घरचा एक प्रसंग घडला. तो सांगण्यांत आमचें उणें दिसणार आहे. पण मुलांच्या चुकांखालीं तांबड्या रेघा ओढण्यांत ज्यानें उभा जन्म घालविला, त्यानें आपली एक चूक लिहिण्यास कां कचरावें?

आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलास घोडबंदर रस्त्यावरील एका कचेरींत मुलाखतीस जावयाचें होतें. वेळ साडेआठची. रात्रभर पाऊस कोसळत होता. चिरंजीव सात वाजतां देवास व वडीलधाऱ्यांस नमस्कार करून खालीं उतरले, आणि मोटरसायकल कांहीं केल्या चालू होईना. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. तिचा सेल्फ केव्हांच निकामी झालेला, म्हणून किक मारणें हाच एक उपाय. त्यानें पंचवीस-तीस किका मारल्या. पेट्रोलचा वास सुटला, अंगास घाम सुटला. गाडी मात्र मुकीच. मग राग वळला तो धाकट्या बहिणीवर. आदल्या दिवशीं तीच गाडी घेऊन क्लासला गेली होती. "तूंच कांहीं तरी बिघडवून ठेवलेंस!" असें तो चारचौघांत ओरडला. पोर एक अक्षर बोलली नाहीं. डोळे पुसत वर निघून गेली. रिक्षा मिळेपर्यंत आठ वाजून गेले. तो पोहोंचला तेव्हां मुलाखती सुरू झाल्या होत्या, व उशिरां येणारांस आंत घेण्याचा तेथें परिपाठ नव्हता.

दुपारीं कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्यानें हत्यारांची पिशवी उघडलीच नाहीं. उजव्या मुठीजवळ तांबड्या रंगाचें एक बटण असतें, त्यास किल स्विच म्हणतात. अपघाताच्या वेळीं इंजिन तत्काळ बंद करतां यावें, हा त्याचा हेतु. तें बंद स्थितींत होतें. त्यानें अंगठ्यानें तें सरकविलें. आम्ही म्हणालों, "एवढेंच ना? मग मारा किक." त्यानें मारली, गाडी ढिम्म! तो हंसून म्हणाला, "मास्तर, आतां प्लग ओला झालाय." खरेंच, प्लग काढून पाहतां तो पेट्रोलनें निथळत होता. पुसून, वाळवून बसविल्यावर तिसऱ्या किकेस गाडी बोलूं लागली.

यांतील कार्यकारणभाव ध्यानांत घेण्याजोगा आहे. इंजिनास चार गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा, ठिणगी आणि या मिश्रणावर पडणारा दाब. बटण बंद असल्यामुळें ठिणगी पडत नव्हती. पण प्रत्येक किकेसरशी पेट्रोल मात्र आंत ओढलें जात होतें. तें न जळतां प्लगवर सांचलें. म्हणजे पहिल्या दोषानें दुसरा दोष जन्मास घातला, आणि पहिला दूर झाल्यावरहि दुसरा उरला. पहिला उपाय लागू पडला नाहीं म्हणून निदानच चुकलें असें मानणारा वैद्य येथें फसला असता. नैयायिक ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्याचा उपयोग हाच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि काय फरक पडतो तें पाहावें.

आमच्या लेकी-सुनाहि आतां गाड्या चालवितात. म्हणून तपासणीचा क्रम येथें देतों. प्रथम फुकटच्या गोष्टी पाहाव्या. चावी फिरविली आहे काय, किल स्विच चालू आहे काय, गाडी न्यूट्रलमध्यें आहे काय, बाजूचा स्टँड वर केला आहे काय? अलीकडच्या बऱ्याच गाड्या स्टँड खालीं असतां चालूच होत नाहींत. मग पेट्रोल : कांटा पाहून भागत नाहीं, गाडी हलवून टांकीचा आवाज ऐकावा, व जुन्या गाडीचा कॉक बंद नाहीं ना, तें पाहावें. मग बॅटरी : हॉर्न क्षीण वाजत असेल व सेल्फ दाबतांच नुसता कट्‌कट् आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली असें समजावें. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असतां साडेबाराच्या वर व्होल्ट दाखविते. शेवटीं प्लग; इंजिन थंड झाल्यावरच तो काढावा. ओला असेल तर पेट्रोल येत आहे पण पेटत नाहीं. अगदीं कोरडा असेल तर बहुधा पेट्रोलच पोहोंचत नाहीं. फिकट तपकिरी असेल तर तो निरोगी. ठिणगीची परीक्षा मात्र घरीं करूं नये. पेट्रोलच्या वाफेजवळ तो खेळ जिवावरचा आहे.

१९७२ सालीं बाजारांत आलेल्या चेतक स्कूटरीच्या काळांत गृहस्थ सकाळीं ती एका कुशीवर कलती करीत व मग किक मारीत. त्यायोगें कार्ब्युरेटरांतील पेट्रोल पुढें सरून थंड इंजिनास दाट मिश्रण मिळे. तो उपाय त्या यंत्रापुरता होता. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमांनंतरच्या नव्या मोटरसायकलींत पेट्रोल विजेच्या पंपानें व संगणकाच्या हुकुमानें येतें. तेथें बॅटरी मेली कीं पेट्रोलहि थांबतें. आजोबांचें औषध नातवास लागू पडेलच असें नाहीं.

आमच्या भागासाठीं एक इशारा निराळा. मीरा रोड व भाईंदर यांच्या मधला हा प्रदेश सखल, खाजणें व मिठागरें जवळ. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस येथील कोणीहि विसरणार नाहीं. गाडी पाण्यांत बुडाली असेल, तर पाणी ओसरल्यावर सेल्फ अगर किक मुळींच मारूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं; सिलिंडरांत तें शिरलें असेल तर आंतील दांडा वांकतो. ऑइल दुधासारखें दिसलें तर पाणी आंत गेलें असें निश्चित समजावें, व गाडी ढकलत मेकॅनिककडे न्यावी.

आतां प्रश्न उरला तो बटण कोणी बंद केलें हा. आदल्या संध्याकाळीं आमच्या चार वर्षांच्या नातवास त्या गाडीवर बसवून आम्हीच "घोडा-घोडा" खेळविला होता. त्याची इवलीशी मूठ उजव्या हँडलावर होती, व तांबडें बटण दाबून तो टाळ्या पिटीत होता. मेकॅनिकचे पैसे चुकवितांना आम्हांस हें आठवलें, आणि जिना चढतांना पाय जड झाले.

रात्रीं पंगतींत सर्व बसले असतां आम्हीं तें सांगितलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. चिरंजीवानें मान खालीं घातली, मग बहिणीच्या ताटाकडे पाहून म्हणाला, "माझें चुकलें." ती म्हणाली, "आधीं बटण पाहत जा," आणि त्याच्या पानांत भाकरी वाढली. नोकरीची ती संधि परत आली नाहीं. यंत्राचा दोष शोधतांना आम्हीं कोणी बटण पाहिलें नाहीं. माणूस मात्र लगेच शोधला, आणि तोहि चुकीचा.