मैदानावरची माणसं : मेलबर्नचे चार गोल



खळ्यावरची रास घरात गेली, की मोकळ्या जागेत पोरं चेंडू लाथाडायला लागतात. गोल मारणाऱ्यांची नावं विचारली, तर ती जर्मनी-ब्राझीलची सांगतात. आम्ही पुण्यात बसून लिहितो. इथंही कुस्ती-क्रिकेटच्या गप्पा रंगतात तशा फुटबॉलच्या रंगत नाहीत. कोल्हापूरकरांची गोष्ट अर्थात निराळी! पण गोल मारणारा आपल्याकडचाही एक होऊन गेला. त्याचं नाव नेव्हिल डिसोझा.

मूळचा गोव्यातल्या आसगावचा, जन्म १९३२ चा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. हा मुंबईत टाटांच्या संघातून खेळे. त्या काळी खेळावर पोट भरत नसे. कंपनीत नोकरी मिळाली, तर चूलही पेटे आणि खेळही चाले.

आता जरा मागे जाऊ. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. आपले बरेच गडी अनवाणी खेळले होते. पीक बुडालं म्हणून शेतकरी रान पडीक ठेवत नाही, तसंच झालं. खेळाडूंच्या पायात बूट आले आणि हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारख्या कसबी मार्गदर्शकानं संघ घडवला.

चार वर्षांनी, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नला गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशीच. नेव्हिलनं पहिला गोल केला, त्यांनी फेडला. त्यानं दुसरा केला, तोही त्यांनी फेडला. मध्यंतरानंतर त्यानं तिसरा घातला, तो मात्र फिटला नाही. चौथा किट्टूनं केला आणि सामना ४-२ असा आपला झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ही पहिली हॅटट्रिक. उपांत्य फेरी गाठणारा आशियातला पहिला संघही आपलाच.

तिथं समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत दोघंही कोरे. मग पहिला गोल झाला तो आपला, आणि तो नेव्हिलचाच. दहा गोल खाल्लेल्या संघानं त्याच पैलवानाला घटकाभर खाली धरलं होतं. पुढं त्यांनी ४-१ असा सामना जिंकला. बल्गेरियानंही आपल्याला ३-० हरवलं. कांस्यपदक हुकलं, चौथा क्रमांक राहिला. पण चार गोल करून नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांच्या बरोबरीला बसला.

त्याच काळात जर्मनीत हॅम्बुर्गचा उवे सीलर गोल करत होता. १९६१ साली इटलीच्या क्लबनं मोठ्या पैशाचं आमिष दाखवलं, तरी त्यानं गाव सोडलं नाही. १९६३ मध्ये तिकडे देशभराची साखळी स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्याच हंगामात त्यानं ३० गोल केले. त्याला दर आठवड्याला सामना होता, मागून येणाऱ्या पोरांना वाट होती. आपण १९६० ला रोमला गेलो. त्यानंतर ऑलिंपिक फुटबॉलची पात्रता आपल्याला आजवर मिळालेली नाही. नेव्हिल १९८० साली, पन्नाशीच्या आतच गेला.

बी चांगलं होतं, मंडळी. एक साल भरघोस आलंही. पण रानाची मशागत दरसाल करावी लागते. तेव्हा शाळेच्या मैदानावर कुणी कडब्याच्या गंजी रचत असेल, तर तेवढ्या दुसरीकडे हलवायला सांगा. आणि पोरांना नेव्हिलचं नाव सांगा.