मीखलेची खिडकी

गेल्या महाराष्ट्र दिनी येथील एका मराठी संमेलनाची कार्यक्रमपत्रिका हाती आली, तेव्हा तिच्यात पाचव्या क्रमांकावर माझ्या धाकट्या बहिणीचे नाव होते. प्रत्यक्ष संमेलनाच्या दिवशी मात्र त्या ओळीवर शाई फिरविलेली आढळली. कारण विचारता चिटणीसांनी मला बाजूस नेऊन अत्यंत सौजन्याने सांगितले, "नुसते भरतनाट्यम् असते तर प्रश्नच नव्हता हो, पण त्यात ख्रिस्ती स्तोत्र आहे असे कळले. देवळातील कला देवळातल्या देवापुढेच शोभते. मंडळींना हे रुचणार नाही." घरी परतलो तो नगरकडील आमच्या पाळकसाहेबांचे पत्र येऊन पडलेले. त्यांनाही वार्ता लागली होती. पणजोबांनी जे सोडले ते पणतीने पायांत बांधावे याचा त्यांना खेद झाला होता, आणि मंडळीला हे रुचणार नाही, असे त्यांनीही बजाविले होते. 'मंडळी' हा शब्द दोघांचा समाईक निघाला! एरव्ही ज्यांचे एका वाक्यावर एकमत व्हायचे नाही, असे हे दोन पक्ष एका विधवेचे पाय थांबविण्यापुरते एक झाले. या ऐक्याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम चिटणीसांचा मुद्दा घेऊ. ज्या क्रमाने आज भरतनाट्यम् सादर होते, तो क्रम बांधला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंनी. आणि तो बांधला तंजावरात, दुसऱ्या सरफोजी राजांच्या आश्रयाने. म्हणजे आपल्याच भोसल्यांच्या दरबारात. हे सरफोजी (१७९८ ते १८३२) स्वतः नृत्यासाठी मराठी रचना करीत, आणि त्यांच्या बालपणीचा पालक व गुरू होता श्वार्ट्झ नावाचा लूथरपंथी मिशनरी. त्याच श्वार्ट्झचा दुसरा शिष्य वेदनायक शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवी. त्याने १८०० च्या सुमारास येशूच्या जन्मगावाचे नाव देऊन 'बेथलेहेम कुरवंजी' रचली. कुरवंजी हा नृत्यनाट्याचाच प्रकार. राजा शिवभक्त, कवी ख्रिस्तभक्त. दोघांत मतभेदही झाले, पण ख्रिस्ताचे नाव कुरवंजीत आल्याने तंजावरचे बृहदीश्वराचे शिखर काही ढासळले नाही. दोनशे वर्षांपूर्वी मराठी राजाच्या छायेत जे खपले, ते आज मराठी अधिकाऱ्यांच्या संमेलनात खपू नये, ही प्रगती म्हणावी काय?

आणि 'देवळातील कला' हे शब्द तरी आपण कोणत्या तोंडाने उच्चारावे? देवळात नाचणाऱ्या स्त्रियांना आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या वर्गानेच अमंगळ ठरविले. मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद झाली, आणि ती योग्यच झाली. परंतु तत्पूर्वीच ती कला त्यांच्या हातून निसटून सभ्य घरांतील मुलींकडे आली होती. जिचा मालकी हक्क एकदा असा बदलला, तिचा सातबारा आता माझ्या बहिणीपुढे नाचविण्यात अर्थ नाही.

पाळकसाहेबांना उत्तर देणे अधिक अवघड, कारण ते माझे वडीलधारे आहेत. परंतु त्यांनीच मला लहानपणी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील सहावा अध्याय शिकविला. दावीद राजा कराराच्या कोशापुढे सर्व बळाने नाचला, आणि मीखलेने खिडकीतून ते पाहून मनात त्याचा तिरस्कार केला. शास्त्र कोणाच्या बाजूचे आहे? खिडकीच्या खासच नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे नगरच्या मंडळीत कीर्तन आणि भजन आणले, तेव्हाही कपाळांवर आठ्या पडल्या असतील. आज मराठी उपासनेतून टिळक वजा केले तर उरेल काय? आमचा पंथ रोमन नव्हे. तरीही नमूद करतो की १९७५ साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक नियतकालिकाने पाश्चात्त्यांच्या उपासनेत नृत्य नको म्हणताना, जेथे नृत्य हीच भक्तीची भाषा आहे त्या संस्कृतींची गोष्ट निराळी मानली. आणि १९८८ साली झाईरच्या उपासनाविधीला मान्यता देताना त्यातील तालबद्ध हालचालही मान्य केली. बडोद्यास शिकलेल्या फ्रान्सिस बार्बोझा यांनी तर ख्रिस्ती आशयासाठी नव्या हस्तमुद्राच रचल्या. पायांत घुंगरू आले म्हणून श्रद्धा पळून जात असेल, तर ती श्रद्धा मुळातच पायांशी आली नव्हती.

आता खरा प्रश्न: नाचून कोणी बरे होते काय? येथे मात्र मला माझ्याच पक्षातील उत्साही लोकांचा हात धरावा लागतो. व्यासपीठावर चार उड्या मारवून 'मधुमेह गेला, गाठ विरघळली' असे पुकारणारे आज कमी नाहीत. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा सर्व धर्मांना सारखाच लागू आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. नृत्य हे औषधही नव्हे आणि निरुपद्रवीही नव्हे. १५१८ साली स्ट्रासबुर्गात माणसे आवरता न येणारे नृत्य करीत कोसळली. तेथे नाच हाच आजार होता आणि त्यांना संत व्हिटसच्या स्थानी नेण्यात आले. उलट लक्झेंबुर्गातील एख्टरनाख गावी पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी हजारो लोक पांढऱ्या रुमालांची टोके धरून संत विलिब्रोर्डच्या समाधीकडे उड्या मारीत जातात. अपस्मारासारख्या व्याधींतून सुटका मागण्याची ती जुनी रीत. २०१० साली युनेस्कोने तिला वारसा म्हणून मान दिला. त्यांतील किती जणांचा अपस्मार गेला, याच्या हिशेबात मी पडत नाही. एकट्याने भोगायचे दुखणे तेथे वर्षातून एकदा रुमालाच्या दुसऱ्या टोकाशी कोणीतरी धरलेले असते, एवढे मला पुरे आहे.

माझी बहीण २०२१ च्या मे महिन्यात विधवा झाली. साथीच्या त्या दिवसांत तिला नवऱ्याचे तोंडही पाहता आले नाही. ती बसवनगुडीतील आमच्या दोन खोल्यांत आली आणि जवळजवळ वर्षभर 'हो' आणि 'नको' यांपलीकडे बोलली नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. त्या आजही चालू आहेत आणि मी त्या बंद करू देणार नाही. खालच्या मजल्यावरच्या कानडी बाई मुलींना नृत्य शिकवितात. हिने पुण्यास कॉलेजात असताना चार वर्षे धडे घेतले होते, हे त्यांनी कसे हेरले कोण जाणे. एके दिवशी हाताला धरून तिला खाली नेले. धर्म विचारला नाही. कडलेकाई परिषेच्या गर्दीत, बसवण्णाच्या देवळाकडून ढोल ऐकू येत असता, हिने तिसावे स्तोत्र पायांवर बसविण्यास आरंभ केला. शोकाचे नृत्यात रूपांतर करणाऱ्या देवाचे ते स्तोत्र आहे. मधेच ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. दीड वर्षातील ते पहिले रडणे. कानडी बाईंनी मला दारातूनच परत पाठविले, आणि ताल चालू ठेवला.

ही घटना चमत्कार म्हणून मी कोणास विकत नाही. परंतु ज्या पत्रिकेवर शाई फिरविली गेली, तीत भरतनाट्याचा एक कार्यक्रम तेवढा कमी झाला असे मानणाऱ्यांना काय खोडले गेले ते कळावे, म्हणून लिहिले. येत्या संमेलनासाठी रीतसर अर्ज पुन्हा दिला आहे; सोबत स्तोत्राचा मराठी मजकूर जोडला आहे. पोच मिळाली. अर्ज विचाराधीन आहे.