वकीलपत्र कोणाचे घ्यावे?

‘अशा माणसाचे वकीलपत्र घेतलेच कसे?’ एखादा भीषण गुन्हा घडला आणि आरोपीच्या बाजूने कोणी वकील उभा राहिला, की हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. २००९ मध्ये अजमल कसाबसाठी न्यायालयाने वकील नेमला, तेव्हा निदर्शनेही झाली. निरपराध देशबांधवांच्या रक्ताचे डाग वाळले नसताना संताप उसळणे स्वाभाविकच होते. परंतु पुढे काय घडले, हेही आठवावे. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा प्रत्येक पायरीवर कसाबच्या वतीने वकिलांनी युक्तिवाद केले, पुरावा कसाला लागला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी देण्यात आली. हे सूडनाट्य होते असे म्हणण्यास भारताने शत्रूलाही जागा ठेवली नाही. या यशात सरकारी वकिलांचा वाटा मोठा आहे. बचाव पक्षाच्या वकिलांचाही आहे.

आरोपीचा वकील गुन्ह्याचे समर्थन करीत नाही. शासनाने आरोप केला आहे, तर तो सिद्ध करावा, एवढाच त्याचा आग्रह असतो. पंचनामा खरा आहे काय, साक्षीदाराने प्रत्यक्ष पाहिले की पढवलेले सांगितले, हे उलटतपासणीतूनच उघड होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा अधिकार दिला आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव वकील संघ अनेकदा करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदेशीर ठरविले.

हे तत्त्व स्वयंसेवकाला तरी पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. आरोपीच्या पिंजऱ्यात आपली माणसे उभी राहिलेली आपण पाहिली आहेत. गांधीहत्येच्या अभियोगात स्वातंत्र्यवीर सावरकरांना गोवण्यात आले, तेव्हा लोकक्षोभाची पर्वा न करता पुण्याचे ल. ब. भोपटकर लाल किल्ल्यातील न्यायालयात उभे राहिले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले.

आणीबाणीत मिसाखाली हजारो कार्यकर्ते कारागृहात होते. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचा दाद मागण्याचा अधिकार मान्य केला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. आणीबाणीत कोणाचा प्राण बेकायदेशीरपणे घेतला गेला तरी न्यायालयात दाद मागता येणार नाही, अशी भूमिका महान्यायवादी निरेन डे यांनी तेथे मांडली. स्थानबद्धांच्या वतीने उभ्या राहिलेल्या विधिज्ञांत शांतिभूषण होते, तसेच वि. म. तारकुंडेही होते. तारकुंडे हे रॉयवादी. संघविचाराशी त्यांचे कधीच जुळले नाही. ‘हे तर आपले विरोधक’ असे म्हणून त्यांनी पाठ फिरविली असती तर? २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल विरोधात गेला, न्या. ह. रा. खन्ना तेवढे एकटे ठाम राहिले. पण तो युक्तिवाद वाया गेला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा अधिकार स्थगित करता येणार नाही अशी तजवीज झाली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय स्वतःच रद्द ठरविला. डिसेंबर १९९२ मध्ये संघावर घातलेली बंदीही १९९३ मध्ये न्या. बाहरी न्यायाधिकरणापुढे टिकली नाही. तेथेही पुरावा मागणारे वकीलच होते.

अर्थात वकिलाचे सारे आयुष्य अशा गाजलेल्या खटल्यांत जात नाही. तालुक्याच्या न्यायालयातील वकील सकाळी जामिनाचा अर्ज चालवितो आणि दुपारी भावाभावांच्या वाटपाच्या दाव्यात कैफियत दाखल करतो. बांधाचा वाद कोयत्यापर्यंत पोहोचू नये, ही त्याचीच जबाबदारी. सुज्ञ वकील पक्षकाराला तडजोडीचा सल्ला देतो. तारखांवर तारखा घेऊन दावा नातवंडांपर्यंत लांबविणारा आणि खोटे साक्षीदार उभे करणारा वकील आपल्या व्यवसायाशी द्रोह करतो. अशांचे कौतुक करण्याचे कारण नाही. अशिलाशी निष्ठा हवीच, पण सत्य गाडण्याचा परवाना वकिलाच्या सनदेत दिलेला नसतो.

आज देशातील कारागृहांत जवळजवळ तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. त्यांत वनवासी पाड्यांवरची, झोपडपट्टीतली माणसे आहेत. जामीन मिळूनही जामीनदार न मिळाल्याने अनेकजण आतच राहतात. विधी सेवा प्राधिकरणामार्फत त्यांना विनामूल्य वकील मिळू शकतो, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊकही नसते. सेवावस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने एवढी माहिती पोहोचविली, आणि परिचयातील वकिलाने वर्षाकाठी दोन-चार अशी प्रकरणे मनापासून चालविली, तर ते राष्ट्रकार्यच ठरेल.

येरवड्याच्या भिंतीआड आपले वडील, काका स्थानबद्ध असताना घरच्यांनी एखाद्या वकिलाच्या दाराशी वाट पाहिली होती. तशाच दाराशी आज दुसऱ्या कोणाची आई उभी आहे. तिचा मुलगा दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. ते दार उघडे राहावे, एवढे तरी आपण पाहू या.