शिस्त हवी, होयबा नकोत

लाझार शात्स्किन हे नाव आज डाव्या चळवळीतील जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांनाही फारसे ठाऊक नसते. १९०२ साली जन्मलेला हा तरुण १९१७ मध्ये बोल्शेविक पक्षात आला, पुढल्याच वर्षी ‘कोम्सोमोल’ ही युवक संघटना उभारण्यात अग्रभागी राहिला आणि विशीच्या आतच तिचा प्रथम सचिव झाला. ट्रॉट्स्कीच्या गटाविरुद्धच्या संघर्षात तो पक्षनेतृत्वाच्या बाजूने उभा होता. तेव्हा त्याला जन्मजात बंडखोर म्हणता येणार नाही.

जून १९२९ मध्ये ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ या दैनिकात त्याने एक लेख लिहिला. त्याचा रोख होता पक्षातील होयबांवर: वागण्यात निर्मळ, कामात चोख, परंतु स्वतःचे मत नसलेल्या आणि सदैव बहुमताकडे पाहून हात वर करणाऱ्या सभासदांवर. पक्षनेतृत्वाने हा लेख गंभीर राजकीय चूक ठरविला. डिसेंबर १९३० मध्ये सिर्त्सोव्ह व लोमिनाद्झे यांच्या गटाशी संबंध असल्याच्या ठपक्यावरून त्याला केंद्रीय नियंत्रण आयोगातून काढण्यात आले. १९३५ मध्ये अटक आणि जानेवारी १९३७ मध्ये मृत्युदंड! निर्दोषत्व मान्य झाले ते १९६३ साली.

ही केवळ एका व्यक्तीची शोकांतिका नव्हे. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत खालून येणारे खरे अहवाल हेच नियोजकाचे डोळे असतात. सामुदायिक शेतीच्या सक्तीवर आणि श्रमिकांच्या गरजांविषयीच्या बेपर्वाईवर बोट ठेवणारे १९३० मध्ये गप्प केले गेले. १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. शात्स्किन मारला गेला त्याच महिन्यात झालेल्या जनगणनेत लोकसंख्या अपेक्षेहून कमी भरली, तेव्हा जनगणनाच रद्द झाली आणि तिच्या प्रमुखांना प्राणांस मुकावे लागले. होयबांच्या राज्यात अखेरीस आकड्यांनाही होयबा व्हावे लागते.

शत्रूंनी वेढलेल्या क्रांतीला कठोर शिस्त आवश्यक होती, असे यावर सांगितले जाते. आम्हीही शिस्तीचे महत्त्व मानतो. परंतु निर्णय झाल्यावर तो एकजुटीने राबविणे ही शिस्त. निर्णयापूर्वी मौन पाळणे ही भीती. या दोहोंतील भेद पुसला गेला की पक्षाला निष्ठावंत कोण आणि संधिसाधू कोण, हेही ओळखता येत नाही. कारण दोघांचेही हात एकाच वेळी वर जातात. म्हणून शाखेच्या बैठकीत एखादा तरुण कार्यकर्ता अडचणीचा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला खाली बसविण्यापूर्वी ज्येष्ठांनी शात्स्किनचे स्मरण करावे.