नोकरी आणि जातीचा धंदा यातला फरक ओळखा

“जातिव्यवस्था म्हणजे फक्त कामाची वाटणी होती, प्रत्येकाच्या पोटापाण्याची सोय होती,” असे आजही छाती पुढे काढून सांगितले जाते. असे सांगणारे नोकरी आणि जातीचा धंदा यांची जाणूनबुजून गल्लत करतात.

नोकरी हा करार आहे. तास ठरलेले, पगार ठरलेला. पटले नाही तर राजीनामा देता येतो. जातीचा धंदा जन्माने चिकटतो. त्याचा राजीनामा कुणाकडे द्यायचा?

महारवतन आठवा. 1874 च्या वतन कायद्याप्रमाणे ते सरकारी काम होते. पण तास? चोवीस. बाप आजारी पडला तर मुलाने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी राबायचे. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि बलुते. तेही गावाच्या मर्जीवर. याला नोकरी म्हणतात का? ही तर कुटुंबाची पिढीजात गुलामी! म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. 1936 साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये त्यांनी स्पष्ट केले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे.

वतने 1958 च्या कायद्याने गेली. धंदा गेला का? गटारात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हे आजही विचारावे लागत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो हक्क टिकलाच पाहिजे, कारण त्यात पगार आणि संरक्षण आहे. पण शिकलेल्या वारसाच्या हातात पुन्हा झाडूच येणार असेल, तर ते वतनाचेच नवे रूप ठरेल.

ठेकेदारीने तर कहरच केला. नोकरी काढून घेतली, धंदा तेवढा शिल्लक ठेवला! कायम नेमणूक नाही, पेन्शन नाही. घाण मात्र तीच आणि हातही त्याच जातींचे. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. तरीही माणसे मरतात, आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला मृताच्या वारसांची भरपाई 30 लाख करावी लागते.

तेव्हा बांधवांनो, “काम कोणतेही हलके नसते” असा उपदेश कुणी केला तर एकच विचारा : मग हे काम तुमच्या घरातले कोण करते?

जय भीम!