अहेरीच्या लक्ष्मीबाईचं काय करायचं?



चंद्रपूरच्या एका शिबिरात मी १८५७च्या उठावातल्या स्त्रियांविषयी बोलत होते. झाशीच्या लक्ष्मीबाईचं नाव घेतलं, तशी अहेरीकडची एक बाई म्हणाली, "ताई, लक्ष्मीबाई आमच्याकडं पण होती. पण तिचं नाव कोणी चांगल्या तोंडानं घेत नाही." शेजारी बसलेल्या कार्यकर्त्यानं पुस्ती जोडली, "शेवटी बाईनंच घात केला." सगळे हसले. मीही हसले. परतीच्या गाडीत मात्र ते हसू मला टोचत राहिलं.

घडलं ते असं. १८५४ साली कंपनी सरकारनं नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि चांदा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आला. मार्च १८५८मध्ये मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांना जमवून राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामणपेठ अशा लढाया झाल्या. एप्रिलअखेर प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याचे दोन गोरे कर्मचारी मारले गेले. जंगलात बाबूराव हाती लागेनात, तेव्हा डेप्युटी कमिशनर क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईवर दाब आणला: मदत करा, नाहीतर जमीनदारी जाईल. १८ सप्टेंबरला तिच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघं पंचवीस. व्यंकटरावांची जप्त गावं अहेरीला बक्षीस मिळाली.

झाशीची लक्ष्मीबाई त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरला पडली. एकीचे पुतळे उभे राहिले, दुसरीच्या वाट्याला शिवी आली.

घात झाला हे खरंच. पण "बाईनंच" हा शब्द कुठून आला? व्यंकटराव बस्तरला पळाले होते. १८६० साली बस्तरच्या राजानं त्यांनाही इंग्रजांच्या हवाली केलं, आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा "शेवटी पुरुषानंच घात केला" असं कोणी म्हणालं नाही. राजानं केलं ते राजकारण, आणि बाईनं केला तो बाईचा स्वभाव!

आपल्यातल्या काही जणी लगेच उलट टोक गाठतात: ती बिचारी, दबावाखाली होती. हेही मला पटत नाही. १८२१च्या ग्रीक क्रांतीत स्पेत्सेस बंदरातली लास्कारिना बुबुलिना स्वतःची जहाजं घेऊन लढली. तीही विधवा, आणि तिचीही मालमत्ता जप्त करायचा घाट तुर्की सत्तेनं आधी घातला होता. तिनं ती संपत्ती बंडात ओतली. म्हणजे दाब असला तरी निवड उरते. लक्ष्मीबाईनं जमीनदारी निवडली. तिचा हिशोब जमीनदाराचा होता, आणि त्याचा जाब जमीनदार म्हणूनच विचारायला हवा. ती स्त्री होती म्हणून दोष वाढत नाही, आणि माफही होत नाही.

हा प्रश्न जुना नाही. गेली चार दशकं गडचिरोलीच्या गावांनी बंदुकीच्या दोन बाजूंमध्ये दिवस काढले. "खबरी" या एका शब्दानं माणसं मारली गेली. अशा ठिकाणी बाईवर संशय घेणं सगळ्यात सोपं असतं, आणि "बायकांची जातच तशी" असं म्हटलं की चौकशीचीही गरज उरत नाही.

आणि बाकीच्या बाया? बाबूरावांची आई जुर्जाकुंवर, पत्नी राजकुंवर. त्यांची नुसती नावं उरली. मार्च ते सप्टेंबर जंगलात फिरणाऱ्या त्या माणसांना जेवू कोणी घातलं, फाशीनंतर त्यांची घरं कोणी सांभाळली, हे सरकारी कागदात नाही. बाबूरावांचं टपाल तिकीट २००९ साली निघालं, या बायांची साधी यादीही नाही.

म्हणून अहेरी, एटापल्ली, भामरागडकडच्या गटांना विनंती: गावातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा. त्या गोंडीत, माडियात सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. लक्ष्मीबाईविषयी वाईट सांगितलं तर तेही लिहा. आपल्याला देव्या नकोत, माणसं हवीत. आणि पुढच्या वेळी कोणी "शेवटी बाईनंच" म्हणून हसलं, तर आपण हसायचं नाही. बस्तरच्या राजाचं काय, एवढंच विचारायचं.